ब्लॉक नंबर ४१७

रविवारी तिघऱ्याला गेले होते,
तुझ्याच कामाला.

तू मेणात असशील अजून, नखाएवढा,
हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कुठल्याशा खणात.
माझं नाव नाही तुझ्यावर, नुसता आकडा.
डॉक्टर वैजापूरकर म्हणाल्या, तुमच्यासारख्यांचे
(म्हणजे तुझ्यासारख्यांचे)
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायला
नवं यंत्र हवंय, मग कळेल
कोण परत येतं, कोण येत नाही, आणि का.
सहा वर्षं मी रात्री दीड वाजता
छताला दुसरं काय विचारते?

तर यंत्रासाठी शर्यत.
भोपाळहून ट्रकवर आलेल्या आठ होड्या,
शिडं पांढरी, आमच्या शिडाला ठिगळ.
फेरीमागे पैसे. माझ्यावर
दौलतगंजच्या भिशीतल्या तेवीस जणींनी
अकरा-अकरा रुपये लावलेले
आणि मुश्ताक मास्तरांनी एकावन्न.
मास्तर म्हणजे, तू गेल्यावर ज्यांनी
ब्लाउजला डावीकडे आतून खिसा शिवला,
काही न विचारता, मान खाली घालून.
त्यात मी मोहरीची पुरचुंडी ठेवते.
दोनशे दहा ग्रॅम, काट्यावर तोलून.
गणिताची बाई होते मी, अंदाजपंचे काही करत नाही.

सुकाणू तोमरसाहेबांकडे,
बिजलीघरातून रिटायर, पोटाला पिशवी.
माझी पुरचुंडी कळल्यावर म्हणाले,
"एक थैली आपकी, एक हमारी,
नाव बराबर."
शिडाचा दोर माझ्याकडे.
डाव्या हाताला सुजेची घट्ट बाही,
दोन किलोच्या वर उचलायचं नाही.
वाऱ्याचं वजन कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत तो पडलाच.
शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबत राहिलं.
भोवती लाल दगडाच्या टेकड्या, एक पाणकावळा
पंख पसरून, त्यालाही घाई नाही.
असं बसणं आम्हा दोघांना पाठ आहे:
रिपोर्ट तयार आहे, डॉक्टर राउंडला आहेत,
बाकावर बसा.
काठावरचा लाउडस्पीकर आम्हाला
विजेते विजेते म्हणत होता.
समोरचा संघ मैदानात आलेला नाही,
इतकंच माझं जिंकणं.
अजून आलेला नाही.

मग कुठूनसा आला वारा, टेकडीच्या बगलेतून,
दोर सोडायचा ते मला कळेपर्यंत
आम्ही पाण्यात.
तोंडात शेवाळ, कानात तिघरा,
आणि तोमरसाहेब आधी पोट चाचपून
मग खदाखदा हसत: "टिकी है, बहनजी, टिकी है!"
सरळ केली होडी. कशी, विचारू नकोस.
चौथी फेरी पुरी करून शेवटचे आलो.
चार फेऱ्या, फेरीला तीनशे चार:
एक हजार दोनशे सोळा.
यंत्राचं एखादं पातं तरी येईल.

आज बुधवार.
न्हाणीघराच्या खुंटीला पुरचुंडी तशीच राहिली होती.
सोडली, तर मोहरीला कोंब आलेले,
पांढरे, वाकडे, एकमेकांत अडकलेले,
टोकाशी हिरव्याचे ठिपके.
आधी पोटात गोळाच आला.
माझ्या अंगाशी बसून, न विचारता
काही वाढलं की अजून येतो.
चष्मा लावला. वास घेतला.
एक कोंब चावून पाहिला, तिखट होता.

मग सगळे निवडून पोह्यांवर घातले, वर लिंबू.
खालच्या दुकानातून नवी मोहरी आणायची आहे,
दोनशे दहा ग्रॅम.
तुला ते काप घेताना दुखणार नाही, म्हणतात.
त्यांनी विचारलं, तर मात्र
खरं ते सांग.